डिजिटल मार्केटिंगच्या नोकरीत सहकाऱ्यांसोबत काम कसे करावे: बेळगाव सीमाभागातील नवोदितांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागातील अनेक मराठी मुले-मुली आता डिजिटल मार्केटिंगच्या कामात शिरत आहेत. कोणी टिळकवाडीतील एखाद्या लहान एजन्सीत, कोणी उद्यमबागेतील कारखान्याच्या विक्री विभागात, तर कोणी घरी बसून पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या कंपनीसाठी काम करते. जाहिरात कशी चालवायची हे शिकवणारे वर्ग आणि व्हिडिओ भरपूर आहेत. परंतु ती जाहिरात पाच-सहा जणांच्या हातांतून जात असताना आपण कोणती गोष्ट लिहून द्यावी, कोणती विचारून करावी आणि कोणत्या गोष्टीला हात लावू नये, हे सहसा कोणी सांगत नाही. पुढील सर्व पायऱ्यांमागे एकच विचार आहे: पुढच्या सहकाऱ्याला आपल्याला न विचारता आपले काम पुढे नेता आले, तरच आपण ते पूर्ण केले असे समजावे.

पहिली पायरी: कामाची वाट समजून घ्या

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हुशारी दाखवण्याची घाई करू नये. चालू असलेली एखादी जाहिरात निवडावी आणि क्लायंटच्या पहिल्या फोनपासून महिनाअखेरच्या अहवालापर्यंत ती कोणाकोणाच्या हातून गेली, हे एका कागदावर लिहून काढावे. क्लायंटशी कोण बोलले, मजकूर कोणी लिहिला, चित्र किंवा व्हिडिओ कोणी केला, वेबसाइटचे पान कोणी तयार केले, जाहिरातीच्या खात्यात ती कोणी चढवली, अंतिम मंजुरी कोणाची होती आणि आलेल्या फोनला दुकानात उत्तर कोणी दिले, ही नावे त्या कागदावर हवीत. लहान कार्यालयात एकच व्यक्ती यांतील तीन कामे करत असते. तरीही कामे वेगवेगळी लिहावीत, कारण ती व्यक्ती रजेवर गेली की नेमकी कोणती तीन कामे अडतात, हे त्यामुळे आधी कळते.

दुकानातील विक्रेत्याला या यादीतून वगळू नये. जाहिरातीवरून फोन करणारे गिऱ्हाईक कोणत्या भाषेत बोलते, पहिला प्रश्न काय विचारते आणि किंमत ऐकून का मागे फिरते, हे त्यालाच ठाऊक असते. आठवड्यातून एकदा त्याच्याशी दहा मिनिटे बोलणारा नवोदित पुढच्या जाहिरातीसाठी जेवढे शिकतो, तेवढे केवळ आकडे पाहून शिकता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी पायरी: प्रवेशाचे अधिकार नीट मागा

कोणाचाही पासवर्ड मागू नये आणि आपला देऊ नये. गूगल अ‍ॅड्समध्ये केवळ पाहण्यापासून प्रशासकापर्यंत अधिकारांचे स्तर आहेत. सर्च कन्सोलमध्ये (वेबसाइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारे साधन) मालक, पूर्ण आणि मर्यादित असे प्रकार आहेत. मेटाच्या (फेसबुक आणि इन्स्टाग्रामची कंपनी) व्यवसाय खात्यातही पूर्ण नियंत्रण आणि आंशिक प्रवेश वेगळे देता येतात. आपल्या कामाला पुरेल तेवढाच अधिकार स्वतःच्या ईमेलवर मागावा. आपल्या भागात दुकानाचे फेसबुक पान बहुधा मालकाच्या एखाद्या भाच्याने किंवा पुतण्याने वैयक्तिक खात्यावरून सुरू केलेले असते आणि ओटीपी त्याच्याच फोनवर जातो. तो शिक्षणासाठी बाहेरगावी गेला की ऐन दिवाळीत पान उघडत नाही. म्हणून नवे काम हाती येताच, खाते क्लायंटच्या मालकीचे आहे का आणि त्यावर किमान दोन प्रशासक आहेत का, हे तपासून वरिष्ठांना लेखी कळवावे.

तिसरी पायरी: ब्रीफ लिहायला शिका

सहकार्य टिकते किंवा मोडते ते ब्रीफवर, म्हणजे काम सुरू होण्यापूर्वी सहकाऱ्याला दिलेल्या लेखी सूचनांवर. ‘शहापूरच्या साड्यांची जाहिरात हवी आहे, लवकर करा’ असा निरोप ग्रुपवर टाकणे म्हणजे डिझायनरला अंदाजावर काम करायला लावणे होय. समजा, शहापुरी साड्या विकणाऱ्या एका दुकानासाठी दिवाळीची जाहिरात करायची आहे. ब्रीफमध्ये प्रथम हेतू लिहावा: लोकांनी दुकानात यावे, फोन करावा, की व्हॉट्सअ‍ॅपवर साडी पाहून मागणी नोंदवावी? हे तिन्ही हेतू वेगळे आहेत आणि प्रत्येकासाठी चित्र, बटण व खर्च मोजण्याची पद्धत बदलते. त्यानंतर साडीची किंमत, सवलत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे, कोणत्या साड्यांवर नाही, दुकानाचा नेमका पत्ता, छायाचित्रे कोठे ठेवली आहेत, मंजुरी कोण देणार आणि कधीपर्यंत, हे सर्व यावे.

जाहिरात कोठे दाखवायची, हा प्रश्न सीमाभागात विशेष विचाराचा आहे. बेळगावभोवती चाळीस-पन्नास किलोमीटरचे वर्तुळ आखले की त्यात महाराष्ट्रातील चंदगड तालुक्याचा भाग येतो, आणि तो यावाच, कारण तेथील लोक खरेदीसाठी बेळगावच्या बाजारात येतात. उलट निपाणी बेळगाव जिल्ह्यात असली तरी कोल्हापूरला अधिक जवळ आहे आणि तेथील बरेच गिऱ्हाईक तिकडे वळते. बेंगळुरूत बसून जाहिरात चालवणाऱ्या सहकाऱ्याला नकाशावर केवळ जिल्ह्याची सीमा दिसते. ही माहिती आपल्याला सहज असते म्हणून ती सांगण्यासारखी वाटत नाही. नेमकी तीच ब्रीफमध्ये दोन ओळींत लिहावी.

भाषेबाबत एक नियम पाळावा. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत जाहिरात करायची असेल, तर कन्नड लिहिणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती तयार मराठी ओळ देऊन ‘हेच कन्नडमध्ये करून द्या’ असे म्हणू नये. त्याला मूळ ब्रीफ द्यावे आणि त्याच्या भाषेत जे नैसर्गिक वाटेल ते लिहू द्यावे. त्याच्यासाठी अक्षरांची मर्यादाही आधीच लिहून ठेवावी. गूगलच्या शोध जाहिरातीत शीर्षकाला ३० आणि वर्णनाला ९० चिन्हांची मर्यादा आहे, एका जाहिरातीत १५ शीर्षके आणि ४ वर्णने देता येतात. संगणकाच्या मोजणीत काना-मात्रा आणि जोडाक्षरातील हलन्तही स्वतंत्र चिन्ह ठरते; ‘शहापूर’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, पण त्यात सहा चिन्हे आहेत. हे ठाऊक नसलेला लेखक सुंदर ओळ लिहितो आणि ती खात्यात चढवणाऱ्याला ऐनवेळी कापावी लागते. मग दोघेही नाराज होतात.

फाँटचा प्रश्नही येथेच मिटवावा. आपल्याकडील छपाईच्या कामात वाढलेले अनेक अनुभवी डिझायनर मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी यांच्या जुन्या, युनिकोड (सर्व संगणक-मोबाइलवर सारखीच चालणारी अक्षरपद्धती) नसलेल्या फाँटमध्ये काम करत आले आहेत. तो मजकूर फेसबुकच्या चौकटीत चिकटवला की निरर्थक चिन्हे उमटतात. फोटोशॉपमध्ये भारतीय लिपींसाठीची मजकूर-रचना निवडलेली नसेल, तर युनिकोड मजकुराचीही जोडाक्षरे फुटतात आणि वेलांटी भलत्याच जागी जाते. म्हणून ब्रीफमधील मजकूर नेहमी युनिकोडमध्ये टंकून द्यावा, आणि तयार चित्र ती भाषा वाचता येणाऱ्या व्यक्तीने मोबाइलवर उघडून वाचल्याशिवाय पुढे पाठवू नये. कन्नड चित्र मराठी माणसाने ‘बरोबर दिसते’ म्हणून मंजूर करणे ही सहकाऱ्याच्या भाषेची हेळसांड आहे, आणि उलट बाजूनेही तेच खरे आहे.

चौथी पायरी: नावांची शिस्त पाळा

‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावे ठेवलेल्या फायलींतून खरी फाइल शोधण्यात सहकाऱ्याची सकाळ जाते. क्लायंट, मोहीम, भाषा, आकार आणि तारीख एवढे घटक ठरावीक क्रमाने फाइलच्या नावात असावेत. दुव्यांना जोडल्या जाणाऱ्या यूटीएम खुणांबाबत (गिऱ्हाईक कोणत्या जाहिरातीवरून आले ते सांगणाऱ्या) अधिक काटेकोर राहावे लागते, कारण त्यांत इंग्रजीची मोठी आणि लहान लिपी वेगळी मानली जाते. एकाने फेसबुकचे नाव मोठ्या अक्षराने सुरू केले आणि दुसऱ्याने लहान, तर वेबसाइटवरील भेटी मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या अहवालात एकाच स्रोताच्या दोन ओळी दिसतात. सोर्स (स्रोत), मीडियम (माध्यम) आणि कॅम्पेन (मोहीम) यांसाठी कोणते शब्द वापरायचे, याची एक सामायिक शीट ठेवावी आणि नवा शब्द प्रथम तेथे नोंदवूनच वापरावा.

शोधशब्दांची यादीही एकट्याने करू नये. शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी अधिकृतपणे बेळगावी झाले, पण शोधणारे लोक जुने इंग्रजी स्पेलिंग, नवे स्पेलिंग, मराठीतील ‘बेळगाव’, हिंदीतील ‘बेलगाम’ आणि कन्नड लिपीतील नाव अशा सर्व रूपांनी शोधतात. मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या तीन सहकाऱ्यांनी अर्धा तास एकत्र बसून केलेली यादी एकट्या हुशार माणसाच्या यादीपेक्षा नेहमी पूर्ण असते.

पाचवी पायरी: दुसऱ्याच्या चालू जाहिरातीत मुकाट्याने बदल करू नका

ही पायरी नवोदितांनी सर्वाधिक गांभीर्याने घ्यावी. मेटाची नवी जाहिरात काही काळ शिकण्याच्या टप्प्यात असते. त्यातून बाहेर पडण्यासाठी साधारणपणे शेवटच्या मोठ्या बदलानंतरच्या आठवडाभरात अपेक्षित कृती सुमारे ५० वेळा घडावी लागते. मधेच कोणी प्रेक्षकवर्ग बदलला, चित्र बदलले किंवा बजेट मोठ्या प्रमाणात वर-खाली केले, तर हा टप्पा पुन्हा सुरू होतो. म्हणजे आपल्या दृष्टीने किरकोळ असलेल्या बदलामुळे सहकाऱ्याने सहा दिवस धीराने सांभाळलेले काम मागे जाऊ शकते.

गूगल अ‍ॅड्सच्या खर्चाबाबत असाच गैरसमज होतो. दैनंदिन बजेट ५०० रुपये ठेवलेले असताना एखाद्या दिवशी ९०० रुपये खर्च झालेले दिसले की नवा कर्मचारी घाबरून मोहीम थांबवतो. गूगल बहुतेक मोहिमांत एखाद्या दिवशी सरासरी दैनंदिन बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते. महिन्याचा हिशेब मात्र दैनंदिन बजेटच्या ३०.४ पटींपेक्षा (महिन्याचे सरासरी दिवस) पुढे जात नाही. त्यामुळे आधी मोहीम सांभाळणाऱ्याला विचारावे. अर्थात चुकीची किंमत, मोडलेला दुवा किंवा मजकुरातील गंभीर चूक दिसली, तर वाट पाहणे योग्य नाही. अशा वेळी कोणी आणि कोणत्या परिस्थितीत जाहिरात थांबवायची, हे मोहीम सुरू होण्यापूर्वीच ठरवून लिहून ठेवावे.

गूगल अ‍ॅड्समधील बदलांच्या इतिहासात बदल कोणी आणि कधी केला ते दिसते, पण तो का केला हे दिसत नाही. म्हणून प्रत्येक मोहिमेसाठी एक साधी नोंदवही ठेवावी: तारीख, बदल, कारण आणि परिणाम पुन्हा कधी पाहायचा. एका बदलाला एक ओळ पुरते. तीन महिन्यांनी ‘खानापूरमध्ये जाहिरात का बंद केली होती?’ असा प्रश्न क्लायंटने विचारला, तेव्हा ती ओळ सगळ्या टीमच्या उपयोगी पडते.

सहावी पायरी: बोलणे, लिहिणे आणि अभिप्राय

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हा निरोपासाठी चांगला आणि नोंदीसाठी वाईट आहे. मंजुरी, तारखा आणि बदललेली किंमत ग्रुपवर आली तरी ती लगेच सामायिक शीटमध्ये उतरवावी. गिऱ्हाइकांची नावे आणि फोन नंबर असलेल्या याद्या ग्रुपवर मुळीच टाकू नयेत. वैयक्तिक विदेच्या (डेटाच्या) संरक्षणासाठी २०२३ साली केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला आहे, आणि कायदा नसता तरी लोकांनी विश्वासाने दिलेला नंबर जपणे आपले काम आहे.

आपल्या टीममध्ये मराठी, कन्नड आणि कधी कोकणी किंवा उर्दू बोलणारे लोक शेजारी-शेजारी बसतात. चौघांपैकी एकाला मराठी येत नसेल, तर बैठकीत तिघांनी मराठीत निर्णय घेऊन शेवटी त्याला दोन वाक्यांत सारांश सांगणे, हे त्याला कामातून बाहेर ठेवण्यासारखे आहे. बैठकीची भाषा सर्वांना कळणारी असावी आणि निर्णय लिहून पाठवावेत. सीमाभागातील पुष्कळ मराठी मुलांना कन्नड बोलता येते, पण वाचता येत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी लिपी अवश्य शिकून घ्यावी. त्यामुळे आपण कन्नड मजकुराचे लेखक होणार नाही, पण चित्रातील फोन नंबरशेजारचा शब्द गळला आहे, एवढे तरी ओळखू शकू.

अभिप्राय देताना आवडीनिवडीऐवजी ब्रीफचा आधार घ्यावा. ‘मजा नाही आली’ या शेऱ्यावरून डिझायनरला काहीच करता येत नाही. त्याऐवजी, ‘अण्णा, दुसऱ्या चौकटीत किंमत फार खाली गेली आहे, मोबाइलवर ती बटणामागे झाकली जाते, थोडी वर घेता येईल का?’ असे विचारले तर दुरुस्ती लगेच होते आणि अनुभवी माणसाचा मानही राहतो. वयाने मोठ्या सहकाऱ्याला अहो-जाहोने बोलणे आणि तरीही चूक स्पष्टपणे दाखवणे, या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात. क्लायंटचा अभिप्रायही जसाच्या तसा पुढे ढकलू नये. ‘लोगो मोठा करा’ असे मालक म्हणतात, तेव्हा बहुधा दुकानाचे नाव ठळक दिसत नाही, ही त्यांची खरी तक्रार असते. ती समजून घेऊन डिझायनरला सांगणे हे मधल्या माणसाचे काम आहे.

सातवी पायरी: सणांचे वेळापत्रक एकत्र आखा

बाहेरच्या शहरातील सहकारी एकच वेळापत्रक सगळीकडे लावतात, आणि तेथे आपल्या माहितीची गरज पडते. शिवजयंतीची पोस्ट पुण्याहून १९ फेब्रुवारीसाठी तयार होऊन येते. बेळगावात मात्र पारंपरिक शिवजयंती तिथीनुसार वैशाखात साजरी होते आणि चित्ररथांची मोठी मिरवणूक त्याच सुमारास निघते. गुढीपाडवा आणि युगादी साधारणपणे एकाच दिवशी येतात, पण दोन्हींची चित्रे आणि शुभेच्छा वेगळ्या असतात. १ नोव्हेंबर हा कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस येथील मराठी आणि कन्नड भाषकांना सारख्याच भावनेचा नसतो, हे इथे वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु दूरच्या सहकाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही. त्या दिवशीची पोस्ट कोणी एकट्याने ठरवू नये. दोन्ही भाषांच्या सहकाऱ्यांनी ती आधी वाचावी आणि आपले वैयक्तिक मत बाजूला ठेवून, क्लायंटच्या दुकानात येणाऱ्या सर्व माणसांचा विचार करावा. डिजिटल चित्राचाच पुढे दुकानाचा फलक होणार असेल, तर फलकावर ६० टक्के कन्नड असण्याचा राज्याचा नियम डिझायनरला सुरुवातीलाच सांगावा. तयार मांडणी नंतर मोडणे सर्वांनाच जड जाते.

गणेशोत्सव आणि दिवाळीत काम सर्वांत जास्त असते आणि सुटीही सर्वांनाच हवी असते. कोण कोणत्या दिवशी फोनवर उपलब्ध राहील, हे महिनाभर आधी ठरवावे. ईद, नाताळ किंवा महावीर जयंती साजरी करणाऱ्या सहकाऱ्याने गणपतीत आपले काम सांभाळले असेल, तर त्याच्या सणाला आपण न सांगता पुढे व्हावे. खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीकडून घरून काम करणाऱ्यांनी पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क जाईल हे गृहीत धरून पोस्ट आदल्या दिवशीच वेळ लावून ठेवाव्यात आणि शेवटच्या क्षणाचे काम कोणाकडे जाईल, त्याचे नाव कळवून ठेवावे.

आठवी पायरी: चूक झाली तर

क्रम लक्षात ठेवावा. नुकसान वाढत असेल तर जाहिरात थांबवावी, लगेच मोहीमप्रमुखाला फोन करावा, पडद्याचे चित्र (स्क्रीनशॉट) जपून ठेवावे, मग दुरुस्ती करावी आणि कारणाचा शोध शेवटी घ्यावा. पोस्ट गुपचूप पुसून टाकू नये. ती पाहिलेल्या गिऱ्हाइकाचा फोन दुकानात जातो आणि तेथील विक्रेत्याला काहीच माहीत नसते. कारण शोधताना माणसाचे नाव घेण्यापूर्वी, ती चूक तपासणीच्या कोणत्या टप्प्यावर सापडायला हवी होती, हे विचारावे. ज्या टीममध्ये चूक सांगणाऱ्याला चारचौघांत बोलणी खावी लागतात, तेथे पुढची चूक उशिरा कळते.

नववी पायरी: अहवाल आणि श्रेय

महिनाअखेरीस मेटा सांभाळणारा आणि गूगल सांभाळणारा यांच्यात वाद होण्याचे एक ठरलेले कारण असते. एखाद्या बाईंनी सोमवारी इन्स्टाग्रामवरील जाहिरातीवर क्लिक केले, गुरुवारी गूगलवर दुकानाचे नाव शोधून तेथील जाहिरातीवरून साडी मागवली, तर दोन्ही खाती ती विक्री आपल्या नावावर दाखवू शकतात. मेटाच्या नेहमीच्या मोजणीत क्लिकनंतरचे ७ दिवस आणि केवळ जाहिरात पाहिल्यानंतरचा १ दिवस धरला जातो. त्यामुळे दोन्हींची बेरीज दुकानाच्या वहीतील विक्रीपेक्षा जास्त भरते. कोणीही खोटे बोलत नसते. अहवालात दोन्ही आकडे वेगवेगळे द्यावेत, त्यांची बेरीज करू नये आणि शेजारी दुकानाच्या वहीतील प्रत्यक्ष विक्री लिहावी.

अहवाल आपण सादर करत असलो तरी कन्नड मजकूर कोणी लिहिला, व्हिडिओ कोणी संपादित केला आणि गिऱ्हाइकांचे प्रश्न कोणत्या विक्रेत्याने कळवले, ही नावे त्यात घालावीत. जमले नाही ते सांगताना मात्र ‘आम्ही’ म्हणावे.

दहावी पायरी: रजेवर किंवा नोकरी सोडून जाताना

दोन दिवसांची रजा असली तरी एक पानभर हस्तांतरण टिपण लिहावे. चालू मोहिमा, प्रत्येकीचे उरलेले बजेट, मंजुरीसाठी अडकलेली कामे, पुढील पोस्टच्या वेळा, क्लायंटशी बोलताना पाळायच्या गोष्टी (उदाहरणार्थ, मालक दुपारी दोन ते चार फोन घेत नाहीत आणि हिशेब त्यांच्या सूनबाई पाहतात) आणि कशाला हात लावू नये, हे त्यात असावे. टिपण पाठवून थांबू नये. ज्या सहकाऱ्याकडे काम जाणार आहे, त्याला ते आपल्यासमोर वाचायला सांगावे आणि त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच पानावर लिहावे. नोकरी कायमची सोडत असाल, तर सर्व खात्यांतील आपला प्रवेश काढून टाकण्याची विनंती स्वतः लेखी करावी, वैयक्तिक ईमेलवर राहिलेल्या फायली सामायिक फोल्डरमध्ये हलवाव्यात आणि ओटीपी आपल्या फोनवर येणारे एकही खाते शिल्लक नाही ना, हे शेवटच्या दिवशी सहकाऱ्यासोबत बसून एकेक उघडून पाहावे.